पर्थची मेरी, परळची नादिया

(परळच्या एका वाचनालयातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

‘परदेशी गाजलेले कलावंत’ असा यंदाच्या व्याख्यानमालेचा विषय आहे. संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या मनात इथून लंडनला नाहीतर अमेरिकेला गेलेलं कुणीतरी असणार. मी विचारलं, उलट्या वाटेने आलेली बाई चालेल का? ऑस्ट्रेलियात जन्मली, मुंबईत गाजली, आणि तेही आपण आत्ता बसलोय तिथून पायी जाता येईल अशा जागी. पलीकडून जरा सावध आवाजात प्रश्न आला, “कोण हो?” म्हटलं, हंटरवाली, म्हणजे जुन्या स्टंटपटांची नायिका फिअरलेस नादिया. त्याबरोबर, “अहो, आमची आजी तिचं नाव घ्यायची!” म्हणजे विषय मंजूर झाला.

तर मेरी अ‍ॅन इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, पर्थ. वडील हर्बर्ट इव्हान्स स्कॉटिश, ब्रिटिश लष्करात, आई ग्रीक. वडिलांबरोबर ही पोर १९१३ मध्ये मुंबईत आली तेव्हा पाच वर्षांची होती. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले. पुढे मायलेकी पेशावरला गेल्या. घोड्यावर बसणं, शिकार, नेमबाजी हे सगळं मेरी तिकडे सरहद्दीवर शिकली. १९२८ मध्ये ती मुंबईत परतली ती आई आणि एक लहान मुलगा यांना घेऊन. मुलाच्या वडिलांविषयी मी बोलणार नाही. तिने स्वतः त्याचा गाजावाजा केला नाही, आपण कशाला करायचा?

आता हिशोब बघा. वय वीस, घरात खाणारी तीन तोंडं, कमावणारी एक. काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर होतं. साहेबलोकांचं दुकान, इमारत अजून आहे. तिथे ती काउंटरवर उभी राहिली. मग बरी नोकरी मिळावी म्हणून शॉर्टहँड-टायपिंग शिकायचं मनात घेतलं. म्हणजे तेव्हाच्या मुंबईत गोऱ्या पण गरीब मुलीला ज्या दोन-तीन वाटा मोकळ्या होत्या, त्यातल्याच एकीवर ती निघाली होती. इथे मला नेहमी वाटतं की टायपिंगचं जमलं असतं तर आज मी तुमच्यापुढे दुसऱ्याच कुणावर बोलत असते.

तेव्हा मुंबईत मादाम अस्त्रोवा नावाच्या रशियन बाई बॅले शिकवत. मेरी त्यांच्याकडे गेली. अंगाने दणकट, उंचीपुरी, बॅलेच्या नाजूक मापात न बसणारी. पण कार्टव्हील आणि स्प्लिट तिला असे जमले की अस्त्रोवाबाईंनी तिला आपल्या मंडळीत घेऊन टाकलं. ही मंडळी छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांपुढे नाचायची, संस्थानिकांच्या दरबारी नाचायची आणि धुळीने भरलेल्या आडगावांतही नाचायची. एका आर्मेनियन ज्योतिषिणीने सांगितलं की नाव ‘न’ने सुरू होणारं घे, भाग्य उघडेल. तेव्हा मेरीची नादिया झाली. १९३० मध्ये ती झार्को सर्कशीत गेली. म्हणजे सिनेमात येण्याआधीच ही बाई रोज लोकांपुढे अंग झोकून देऊन पोट भरत होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता परळ. लवजी नसरवानजी वाडिया हे नाव इथे सगळ्यांना ठाऊक असेल. १७३६ मध्ये सुरतेहून आलेले, मुंबईची गोदी ज्यांनी उभी केली ते जहाजबांधणीवाले. त्यांच्या वंशजांचा परळमध्ये मोठा वाडा होता, लवजी कॅसल. त्याच घराण्यातले जमशेद, म्हणजे जे. बी. एच. वाडिया, इंग्रजी साहित्याचे एम. ए., शिवाय वकिलीची परीक्षा दिलेले. असा मुलगा बँकेत चिकटावा अशी घरच्यांची इच्छा. याला लागलं सिनेमाचं वेड, आणि तेही डग्लस फेअरबँक्सच्या मारामारीच्या सिनेमांचं! धाकटा भाऊ होमी त्याच्याबरोबर आला. १९३३ मध्ये दोघांनी ‘वाडिया मूव्हीटोन’ काढली आणि लवजी कॅसलमध्ये स्टुडिओ थाटला. ही जागा तुम्ही रोज बघता. १९४२ नंतर तिथे व्ही. शांतारामांचं राजकमल आलं. पाटी बदलली की आधीचं माणूस पुसलं जातं, हे आपल्या भागात नवं नाही.

लाहोरच्या रीगल सिनेमाचे मॅनेजर इरच कांगा यांनी नादियाला वाडियांकडे पाठवलं. जे. बी. एच.नी तिला पाहिलं आणि दोन अडचणी काढल्या. एक, नाव. प्रेक्षकांना आपलं वाटावं म्हणून नंदादेवी करूया म्हणाले. ती म्हणाली, करारात हे नव्हतं, मी कुणी देवीबिवी नाही, आणि नादिया वाडियाशी छान जुळतंय की! दुसरी अडचण केस. सोनेरी केस आणि निळे डोळे. त्यावर लांब काळ्या वेणीचा टोप घालायचा प्रस्ताव आला. तिने वेणीलाही नकार दिला. कारण अगदी व्यवहाराचं होतं. मारामारीत वेणी कुणीही धरेल, कुठेही अडकेल, जिवावर बेतेल. कामाच्या जागी लटकणाऱ्या गोष्टी नकोत हे गिरणीतल्या कुठल्याही साचेवाल्याने, म्हणजे मागावर काम करणाऱ्याने, तिला सांगितलं असतं. गरगर फिरणाऱ्या पट्ट्याजवळ धोतराचा सोगा मोकळा सोडून कुणी उभं राहतं का?

‘देश दीपक’मध्ये तिला छोटंसं काम मिळालं, मग ‘नूर-ए-यमन’ मध्ये जरा मोठं. प्रेक्षकांना ती आवडतेय असं दिसल्यावर भावांनी जुगार खेळला. १९३५ चा ‘हंटरवाली’. होमीने दिग्दर्शन केलं. खर्च ऐंशी हजारांच्या वर गेला आणि सहा महिने लागले. स्टंटपटाच्या मानाने ही भलतीच रक्कम होती. गोष्ट साधी. दुष्ट वजीर राजाला कैद करतो, राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा चढवून, हातात हंटर घेऊन, श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटायला निघते. वितरक म्हणाले, नको. गोरी बाई चाबूक घेऊन पुरुषांना झोडपणार, हे बघायला येणार कोण? शेवटी वाडियांनी मनचेरशा बिलिमोरियांच्या साथीने तो स्वतःच बाजारात आणला. ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लागला आणि पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला. हंटरवालीच्या नावाचे चाबूक, पट्टे, काडेपेट्या बाजारात आल्या. वाडियांना त्यातला एक पैसाही मिळाला नाही. परवानगी विचारायची पद्धतच नव्हती.

आता खरा प्रश्न. पंचवीस आठवडे पुन्हा पुन्हा कोण आलं? वितरकांचं डोकं एवढं कच्चं नव्हतं. त्यांनी महागड्या खुर्च्यांचा, म्हणजे बाल्कनीतल्या शिकल्यासवरल्या माणसाचा हिशोब केला होता आणि त्या माणसाबद्दल त्यांचा अंदाज बरोबरच होता. तो आला नाही. आला तो पिटातला, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांवरचा प्रेक्षक.

१९३४ साल आठवा. गिरण्यांचा मोठा संप झाला होता. पगारकपातीने माणसं पिचली होती. संप मोडला. त्याच्या दुसऱ्या वर्षी हा सिनेमा आला. लालबाग, परळ, चिंचपोकळीच्या चाळींत लाखाहून जास्त कामगार राहत होते. पाळी सुटली की ट्रामने पिला हाऊस, ग्रँट रोडच्या थिएटरांकडे. तिथे चार आण्यात काय दिसायचं? ज्याचं कुणी ऐकत नाही त्याच्या वतीने कुणीतरी वजिराला उलटा टांगलेला! यात राजकारण होतं, पण राजकारणापेक्षाही दुसरं काहीतरी होतं, आणि आज मला त्यावर जरा थांबायचं आहे.

गिरणगावातल्या तालमी तुम्हाला ठाऊक आहेत. जोर, बैठका, मल्लखांब, लेझीम. दिवसभर यंत्रापुढे उभं राहायचं आणि संध्याकाळी परत अंग घासायचं. अशा माणसाला वजन कळतं. समोरच्याने खरंच उचललंय की उचलल्यासारखं केलंय हे त्याला पडद्यावरही दिसतं. माझे वडील साचेखात्यात होते. शाळा चौथीपर्यंत, सिनेमाचं ज्ञान मात्र अफाट. एखाद्या नटाने खोटा मुक्का मारला की ते नुसतं “हवा!” म्हणायचे. नादियाबद्दल त्यांनी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही. ते म्हणायचे, “ती बाई कामाची होती.” आमच्या घरात याहून मोठी शिफारस नव्हती.

‘मिस फ्रंटियर मेल’ घेऊ. १९३६. त्यात नादिया सविता नावाची मुंबईची मुलगी आहे. तिचे वडील स्टेशनमास्तर, त्यांच्यावर खुनाचा खोटा आळ येतो. ‘सिग्नल एक्स’ नावाचा एक अज्ञात टोळीनायक रेल्वे उद्ध्वस्त करायच्या मागे लागलेला असतो, म्हणजे विमानकंपनीचा धंदा चालेल. १९३६ मध्ये हे सुचलं होतं, बरं का! आणि फ्रंटियर मेल म्हणजे तीच, १९२८ मध्ये मुंबई-पेशावर सुरू झालेली झोकदार गाडी. नादिया स्वतः त्याच वर्षी पेशावरकडून मुंबईला आलेली, हा योगायोग मला फार आवडतो.

त्यातला टपावरच्या मारामारीचा प्रसंग बघा. डबल, म्हणजे तिच्या जागी बदली माणूस, नाही. तेव्हा तारा बांधून लोंबकळण्याची सोय नव्हती आणि मागच्या पडद्यावर धावती झाडं दाखवून भागवायचं तिने आणि होमीने ठरवलेलं नव्हतं. चालत्या गाडीचं छप्पर मधे फुगीर, दोन्ही बाजूंना उतरतं. उन्हात तापलेला पत्रा. पुढून इंजिनाचा धूर आणि कोळशाची कणी थेट डोळ्यांत. त्यावर ती पाय फाकवून उभी राहते, गुडघे किंचित वाकलेले, वजन टाचेवर नाही तर चवड्यावर. पहिला गडी अंगावर येतो, त्याला ती कमरेतून धरते, वर घेते. आणि इथे बघण्यासारखं काय आहे? उचलण्याआधी ती क्षणभर थांबते. श्वास घेते. तोल साधते. खोटं उचलणारा कधी थांबत नाही, त्याला थांबायची गरजच नसते. मग तो गडी खांद्यावर घेऊन ती दोन पावलं चालते आणि टाकून देते. मारामाऱ्या थोड्या कमी गतीने चित्रित करून पडद्यावर वेगवान दाखवायची पद्धत तेव्हा सर्रास होती, त्यामुळे हात जरा भराभर हलताना दिसतात. हलू देत. गती फसवता येते, वजन फसवता येत नाही.

तिच्याबरोबर कामाला कोण होते तेही सांगायला हवं, कारण स्टंट एकट्याचा नसतो. जॉन कावस, शरीरसौष्ठवात नाव काढलेला पारशी पठ्ठ्या, पुढे १९३७ च्या ‘तूफानी टारझन’ चा नायक. बोमन श्रॉफ हा मूकपटांच्या काळापासूनचा मुरलेला गडी. शिवाय पंजाब का बेटा नावाचा घोडा आणि रोल्स रॉईस की बेटी नावाची एक खटारा मोटार! ही दोघं जाहिरातीत नटांच्या बरोबरीने झळकायची. पुढे मोठे संगीतकार झालेले जयदेव लहानपणी घरातून पळून मुंबईला आले, तेही याच वाडियांच्या सिनेमांतून छोटी कामं करत होते. पडणारा नीट पडला नाही तर टाकणाऱ्याचं कौतुक शून्य, हे या सगळ्या मंडळींना माहीत होतं. म्हणूनच नादियाच्या पुढ्यात आपटणाऱ्या त्या निनावी माणसांनाही मी आज नमस्कार करते. त्यातले बरेच आपल्याच आसपासचे असणार.

भाषेचं काय? १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, सिनेमा बोलू लागला आणि अनेक अँग्लो-इंडियन, ज्यू नट्यांची पंचाईत झाली. मूकपटात राज्य करणाऱ्या सुलोचनाने, म्हणजे रुबी मायर्सने, हिंदी शिकण्यासाठी कामातून काही काळ बाजूला व्हायचं ठरवलं. नादिया तर बोलपट आल्यावरच उतरली आणि तिचं हिंदी म्हणजे, काय सांगू, शब्द बरोबर आणि सूर साहेबाचा. वाडियांनी युक्ती केली. वाक्यं थोडी, लहान, आणि शेवटी हात. घोड्यावर बसून हात उंचावून ती जी “हेऽऽय” अशी आरोळी ठोकायची, तिला व्याकरण लागत नव्हतं. गिरीश कर्नाडांनी १९८० मध्ये लिहिलंय की त्यांच्या बालपणातला सगळ्यात लक्षात राहिलेला आवाज तो, नादियाच्या आरोळीचा. चाळीसच्या दशकातल्या शाळकरी पोरांना ती म्हणजे धैर्य, ताकद आणि आदर्शवाद वाटायची. कर्नाडांसारखा माणूस उगाच भावुक होत नाही.

आता जो मुद्दा बऱ्याच कौतुकाच्या लेखांत टाळला जातो त्याकडे येते. गोरी होती म्हणून खपलं, असं कुणी म्हणेल. अर्धं खरं आहे. आखूड चड्डी घालून, बूट चढवून, पुरुषांच्या छातीवर पाय ठेवून उभं राहणं हे तिच्या जागी एखाद्या मराठी घरातल्या मुलीने केलं असतं तर काय झालं असतं? दुर्गाबाई खोटे १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या, ते सोवळं, सोसणारं काम होतं, तरी प्रतिष्ठित घरातली बाई सिनेमात गेली म्हणून केवढा गदारोळ उठला! १९३६ च्या ‘अमर ज्योती’त शांतारामांनी त्यांनाच समुद्री चाच्यांची राणी केलं, पुरुषांविरुद्ध बंड पुकारणारी. ‘मिस फ्रंटियर मेल’चंच वर्ष. पण तिथे बंडाला मोठं तत्त्वज्ञान, भरजरी पोशाख आणि प्रभातची प्रतिष्ठा यांचं पांघरूण होतं. नादियाच्या अंगावर असलं पांघरूण नव्हतं, तिला ते लागलंही नाही. ती आपल्यातली नाही, तेव्हा तिला आपले नियम लागू नाहीत, असं प्रेक्षकांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. ही सवलत होती. नाकारण्यात अर्थ नाही.

आणि ललिता पवार? त्यांचं तरुणपण स्टंटपटांतच गेलं होतं. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जरा जास्तच जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिका म्हणून कारकीर्द संपली. पुढे त्यांनी खाष्ट सासू उभी केली ती आपण सगळे ओळखतो. धोका दोघींनीही पत्करला होता. एकीला ‘फिअरलेस’ ही पदवी मिळाली, दुसरीला सासूची कामं. मी नादियाचं मोठेपण कमी करत नाही, पण तिच्याबद्दल बोलताना ललिताबाईंची आठवण ठेवायची, असा माझा नियम आहे.

भगवानदादांचं नाव आलंच आहे तर सांगते. भगवान पालव, गिरणी कामगाराचा मुलगा, याच पट्ट्यात वाढलेला. ‘अलबेला’च्या आधी दहाएक वर्षं त्याने स्वस्तातले स्टंटपट काढले, आणि ते बघायलाही तीच पिटातली मंडळी जायची. मास्टर विठ्ठल तर ‘आलम आरा’चा नायक होण्याआधी तलवारबाजीचा राजाच होता. म्हणजे हा प्रांत काही वाडियांनी पहिल्यांदा नांगरला नव्हता. पण मराठीत सिनेमाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा पुणं आणि कोल्हापूर यांना पानंच्या पानं मिळतात, संतपट आणि सामाजिकपट यांना प्रकरणं मिळतात आणि स्टंटपट एका ओळीत उरकतात. ‘संत तुकाराम’ थोर आहेच. तो बघून घरी आलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात नादियाच्या सिनेमाला गेला होता, एवढं तरी लिहायला काय हरकत होती?

पुन्हा गोऱ्या रंगाकडे. त्यात एक मोठी गंमत दडलेली आहे. जे. बी. एच. वाडिया राजकीय विचारांचा माणूस, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या वर्तुळातला. ब्रिटिश सेन्सॉरच्या कात्रीमुळे स्वातंत्र्याची भाषा उघड वापरता येत नव्हती. मग काय करायचं? राजा-वजिराच्या गोष्टीत ती भाषा लपवायची. आणि ती बोलायला तोंड कुणाचं? ब्रिटिश सैनिकाच्या मुलीचं! १९४० चा ‘डायमंड क्वीन’ बघा. त्यात ती मधुरिका, मुंबईहून शिकून आपल्या गावी परतलेली. गावगुंडांना लोळवून झाल्यावर ती ठणकावून सांगते की देशाला स्वतंत्र व्हायचं असेल तर बायकांना स्वातंत्र्य द्यावं लागेल. सेन्सॉरला बहुधा ती मारामारीनंतरची बडबड वाटली असावी. पिटाला ती तशी वाटली नाही.

यानंतरची गोष्ट भराभर सांगते, कारण ती तशीच आहे. जे. बी. एच.ना ‘कोर्ट डान्सर’सारखे उच्च कलेचे चित्रपट काढायचे होते, १९४१ मध्ये त्यांनी तो इंग्रजीतही काढला. होमीला आपला प्रेक्षक सोडायचा नव्हता. शेवटी दोघा भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. होमीने १९४२ मध्ये बसंत पिक्चर्स काढली, पुढे चेंबूरला स्टुडिओ उभा केला. नादिया होमीबरोबर गेली. १९४३ मध्ये ‘मौज’मध्ये तिला रडका, गंभीर रोल दिला. लोकांनी पाठ फिरवली. तिला रडताना बघायला चार आणे मोजायला कुणी तयार नव्हतं. त्याच वर्षी ‘हंटरवाली की बेटी’ आणला आणि गाडी परत रुळावर आली. पन्नासच्या दशकात बसंतचे पौराणिक चित्रपट जोरात चालू लागले, मीनाकुमारीसारखी मुलगी तिथे देवीदेवतांच्या कथांत दिसू लागली, आणि नादियाचे चित्रपट विरळ होत गेले.

होमी आणि ती एकत्र होते हे साऱ्या सिनेमावाल्यांना माहीत होतं. होमीच्या आईला हे मान्य नव्हतं. पारशी घर, ख्रिस्ती सून, त्यात आधीचा मुलगा. जे. बी. एच. या दोघांच्या बाजूने होते, तरी आईच्या हयातीत लग्न झालं नाही. १९६१ मध्ये झालं, तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती आणि होमी पन्नाशीचा. धावत्या गाडीच्या टपावर न डगमगणारी बाई एका वृद्ध सासूपुढे वीस वर्षं थांबली. यावर आपल्याकडे कुणी सिनेमा काढला नाही, कारण त्यात मारामारी नाही.

शेवटचा सिनेमा १९६८ चा ‘खिलाडी’, जेम्स बाँडछाप हेरगिरीचा. ती साठीची होती. मग ती आपल्या घरी निवांत राहिली. लोक विसरले. १९९३ मध्ये जे. बी. एच.चा नातू रियाद याने तिच्यावर माहितीपट केला, तो परदेशातल्या महोत्सवांत फिरला, आणि एका जर्मन लेखिकेने तिचं चरित्र लिहिलं, तेव्हा कुठे आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांना ती पुन्हा सापडली. ९ जानेवारी १९९६ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ती मुंबईतच गेली. पर्थला परत जायचा विचार तिने केला असेल असं मला तिच्या आयुष्याकडे बघून वाटत नाही. पाचव्या वर्षी आलेल्या मुलीला परदेश कुठला म्हणायचा? मला विचाराल तर तिच्यासाठी परदेश एकच होता, काळा घोड्याचा तो काउंटर, जिथे तिच्याच रंगाची माणसं तिला वरून खाली बघायची. पिटाने तिला तसं कधीच बघितलं नाही. तिथे सगळे मान वर करूनच बघत होते.

मागून प्रश्न आलाय की हे सिनेमे आज बघायला मिळतात का. मिळतात. ‘डायमंड क्वीन’ आणि ‘मिस फ्रंटियर मेल’ इंटरनेटवर शोधा. प्रिंट खराब आहे, आवाज खरखरतो, गाणी आणि विनोदी पात्रांचे प्रवेश लांबतात, ते खुशाल पुढे ढकला, मीही ढकलते. आधी ‘डायमंड क्वीन’ बघा, तो जास्त आटोपशीर आहे. फोनवर नको, घरातल्या मोठ्या पडद्यावर. आणि घरात व्यायामशाळेत जाणारं कुणी असेल तर त्याला शेजारी बसवा. ती माणूस उचलायच्या आधी कशी थांबते, ते तुमच्याआधी त्याला दिसेल.